कुशीतले मूल कोणाचे? प्रागैतिहासिक मातृत्वाच्या शोधाचा आढावा

इंग्लंडच्या बेडफर्डशायर परगण्यात डन्स्टेबल डाउन्स नावाची खडूच्या दगडाची टेकाडे आहेत. १८८७ मध्ये तिथल्या एका दफन-टेकाडात वर्दिंग्टन स्मिथ या हौशी संशोधकाला एका स्त्रीचा आणि तिच्या कुशीला टेकलेल्या लहान मुलीचा सांगाडा मिळाला. दफन साधारण ४,००० वर्षांपूर्वीचे. दोघींच्या आसपास सी-अर्चिन या काटेरी समुद्री जिवाचे दगड झालेले गोळे होते, दोनशेहून जास्त. स्मिथ पेशाने चित्रकार. १८९४ च्या आपल्या पुस्तकात त्याने हे दफन रेखाटले: लेकराला जवळ घेऊन झोपलेली बाई आणि तिच्याभोवती गोळ्यांचे रिंगण. चित्र इतके बोलके होते की ती बाई त्या मुलीची आई असणार याबद्दल पुढे शतकभर कोणाला फारशी शंका आली नाही.

२०२३ मध्ये दोघींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलगी सहाएक वर्षांची होती आणि ती बाई तिच्या वडिलांची बहीण निघाली. आई नव्हे, आत्या. त्याच अभ्यासात लक्झेंबर्गमधल्या आल्टविस इथले तसेच एक दफन तपासले होते. तिथली बाई आणि तिच्याजवळचा तीन वर्षांचा मुलगा मात्र खरोखरच मायलेक ठरले. जमिनीतून बाहेर आलेली दोन दृश्ये जवळजवळ सारखी, नाती मात्र वेगळी.

लिहिता न येणाऱ्या समाजांतल्या आईबद्दल आपल्याला काय कळते, आणि जे कळते असे वाटते त्यातले खरे किती, हा प्रश्न या दोन दफनांत सामावला आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यावर बरेच काम झाले. व्हिएन्नाच्या कॅथरिना रेबाय-साल्झबरी यांनी तर युरोपातल्या प्रागैतिहासिक मातांचे समाजातले मोल हाच एका मोठ्या संशोधन प्रकल्पाचा विषय केला. त्याआधीची निदान शंभर वर्षे पुरातत्त्वाला आई दिसली ती देवीच्या रूपात किंवा गर्भाशयाच्या रूपात. मूल कडेवर घेऊन शेतात राबणारी, रात्री उठून त्याला पाजणारी बाई त्या लिखाणात क्वचितच भेटते.

देवीचे प्रकरण आधी उरकून घेऊ, कारण सर्वाधिक शाई त्यावरच खर्ची पडली आहे. १९०८ मध्ये ऑस्ट्रियात विलेनडॉर्फ गावाजवळ चुनखडीच्या दगडाची ११ सेंटिमीटरची एक मूर्ती सापडली. भरदार स्तन, मोठे पोट, चेहरा नाहीच. वय आजच्या अंदाजाने ३०,००० वर्षांच्या आसपास. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ मध्ये मिळालेली मॅमथच्या हस्तिदंताची मूर्ती तर निदान ३५,००० वर्षांची आहे. अशा मूर्ती फ्रान्सपासून सैबेरियापर्यंत मिळतात. त्यांना कोणी सुफलनाच्या देवता म्हटले, कोणी आदिमाता. १९९६ मध्ये लेरॉय मॅकडरमॉट या अभ्यासकाने वेगळीच शक्यता मांडली. गरोदर बाईने मान खाली घालून स्वतःकडे पाहिले तर तिला आपले शरीर जसे दिसेल, त्या प्रमाणात या मूर्ती घडवल्या असाव्यात असे तो म्हणतो. सिद्ध करता येईल असे हे म्हणणे नाही. पण मूर्ती घडवणारी स्वतः एक बाई असू शकते हे निदान कोणीतरी बोलले.

तुर्कस्तानातल्या चातालह्योयुकची गोष्ट जास्त बोधप्रद आहे. या ९,००० वर्षे जुन्या वस्तीत जेम्स मेलार्ट या पुरातत्त्वज्ञांना १९६१ मध्ये धान्याच्या कोठारात एक बसलेली स्त्रीमूर्ती मिळाली. दोन बाजूंना दोन बिबटे, त्यांच्यावर टेकलेले हात. बाई बाळंत होत आहे, ही मातृदेवता, आणि हा तिला भजणारा समाज, असा मेलार्ट यांचा निष्कर्ष. पुरातत्त्वज्ञ मारिया गिंबुटास यांनी त्यापुढे जाऊन सगळ्या प्राचीन युरोपावर शांतताप्रिय मातृदेवता-संस्कृतीचे छत्र धरले. आज सगळ्या पुस्तकांत छापले जाणारे मेलार्ट यांच्या त्या मूर्तीचे डोके मुळातले नाही, ते नंतर बसवलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९९३ पासून इयन हॉडर यांच्या चमूने तिथे पंचवीस वर्षे खोदकाम केले. मूर्तींमध्ये जनावरांच्या मूर्ती कितीतरी जास्त निघाल्या, आणि पुष्कळशा कचऱ्याच्या ढिगात. एका मूर्तीला पुढून स्तन आणि पोट आहे, मागून मात्र ती हाडांचा सापळा आहे. तिला सुफलनाची देवता म्हणणे अवघडच.

गंमत अशी की देवी मागे पडली आणि त्याच गावात आई सापडली. चातालह्योयुकच्या घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या माणसांच्या डीएनएचा मोठा अभ्यास २०२५ मध्ये आला. एका घरात पुरलेल्यांना जोडणारा धागा प्रामुख्याने आईकडचा होता. मुली घरातच राहत, मुलगे बाहेर जात असे त्यातून दिसते. लहान वयात गेलेल्यांच्या दफनांत मुलींबरोबर मुलग्यांपेक्षा सुमारे पाचपट वस्तू ठेवलेल्या होत्या. याला लगेच मातृसत्ता म्हणण्याची घाई करू नये. घर आईच्या वंशाने चालणे आणि सत्ता बाईच्या हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही एवढे पक्के की या घरांची नाळ आईकडे होती, आणि हे कळायला मूर्तीचा उपयोग झाला नाही.

आपल्याकडे हा मोह काही कमी नव्हता. मोहेंजोदडोच्या मातीच्या स्त्रीमूर्तींना जॉन मार्शल यांनी १९३१ च्या अहवालात मातृदेवता म्हटले आणि तो शिक्का संग्रहालयांच्या पाट्यांवर अजून टिकून आहे. मातृत्वाची म्हणावी अशी खूण, म्हणजे कडेवरचे किंवा छातीशी धरलेले मूल, या मूर्तींपैकी मोजक्याच दाखवतात. उत्तर प्रदेशात बेलन नदीच्या खोऱ्यात लोहंदा नाल्यापाशी मिळालेल्या पुराश्मयुगीन हाडाच्या वस्तूची कथा तर नमुनेदार. अलाहाबाद विद्यापीठाच्या संशोधकांनी तिला मातृदेवता ठरवले. पुढे काही अभ्यासकांनी नीट पाहून सांगितले की हा मासे मारायचा मोडका भाला आहे. देवी आणि भाला यांच्यात निवड करण्याची वेळ येते तेव्हा पुरावा किती तोकडा आहे हे वेगळे सांगायला नको. त्याउलट मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यातल्या बाघोर इथले प्रकरण संयमाने हाताळलेले दिसते. तिथे पुराश्मयुगाच्या अखेरच्या काळातला दगडांचा एक गोल चौथरा आणि त्यावर नैसर्गिक वलये असलेला त्रिकोणी दगड सापडला. आजूबाजूच्या गावांत आजही लोक असेच दगड देवी म्हणून पुजतात. इतका जवळचा दुवा असूनही उत्खनन करणाऱ्यांनी १९८३ च्या आपल्या लेखाच्या मथळ्यात देवस्थान या शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. ते प्रश्नचिन्ह मला फार मोलाचे वाटते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून म्हातोबा, बोल्हाई, तुकाई अशा ग्रामदैवतांची ठाणी आणि सूक्ष्मास्त्रे, म्हणजे बारीक दगडी हत्यारे, सापडणाऱ्या जागा यांचा मेळ घातला होता. प्राचीन वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे मातृदेवता आहेत, असे त्यांचे प्रतिपादन १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये आहे. पद्धत म्हणून ते आजही ताजे आहे. पण त्यातून कळते ते वाटांबद्दल, भटक्या लोकांबद्दल आणि श्रद्धेच्या चिवटपणाबद्दल. त्या वाटांवरून चाललेल्या आयांबद्दल ते काही सांगत नाही. मूर्तींबद्दल तर १९६८ मध्येच पीटर उको यांनी इजिप्त आणि क्रीटच्या मूर्तींचा बारकाईने अभ्यास करून दाखवले होते की बाहुली, जादूटोण्याची वस्तू, शिकवण्याचे साधन, पूर्वजाची आठवण, यांपैकी काहीही त्या असू शकतात. हे इतके सरळ असून पचायला इतका वेळ का लागला? देवी मानली की बाईबद्दल आदराने बोलल्याचे समाधान मिळते आणि पुढे काही शोधावे लागत नाही, हे एक कारण असावे.

मूर्ती सोडून हाडांकडे वळले तरी पहिला अनुभव निराशेचाच आहे. बाळंतपणात कंबरेच्या हाडांचे सांधे ताणले जातात, तिथे खळगे पडतात, आणि ते मोजून बाईला किती मुले झाली हे सांगता येईल, असे विसाव्या शतकात बराच काळ मानले जात होते. मग ज्यांच्या बाळंतपणांची नोंद आहे अशा स्त्रियांचे सांगाडे तपासले गेले. एकही मूल न झालेल्या स्त्रियांना खळगे होते, अनेक मुलांच्या आयांना नव्हते, आणि पुरुषांच्या हाडांवरही तसल्या खुणा निघाल्या. २०२० मध्ये नवी आशा दाखवणारा एक अभ्यास आला. दाताच्या मुळावर दरवर्षी सिमेंटम नावाच्या पदार्थाचा पातळ थर चढतो आणि बाळंतपण, रजोनिवृत्ती यांसारख्या ताणांच्या वर्षी त्या थराचा पोत बदलतो. अडचण एवढीच की मोठे आजारपण किंवा तुरुंगवासही तशीच खूण सोडून जातो.

मग आई खात्रीने कधी ओळखता येते? ती बाळासकट मेली तर. दक्षिण इटलीत ऑस्तुनीजवळच्या गुहेत १९९१ मध्ये एका तरुण स्त्रीचे २७-२८ हजार वर्षांपूर्वीचे दफन सापडले. डोक्यावर शिंपल्यांची टोपी, एक हात डोक्याखाली, दुसरा पोटावर, आणि पोटात दिवस भरत आलेल्या बाळाची हाडे. त्या न जन्मलेल्या बाळाच्या दातांचे अंकुर पुढे क्ष-किरणांनी, दात न फोडता, तपासले गेले. शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत त्याची वाढ पुन्हा पुन्हा अडखळली होती. म्हणजे आई आजारी होती किंवा उपाशी होती. सैबेरियात बैकल सरोवराच्या परिसरात, इर्कुत्स्क शहरातल्या दफनभूमीत, साधारण ७,७०० वर्षांपूर्वी पुरलेली एक विशीतली बाई आहे. अँजेला लिव्हर्स यांनी २०१५ मध्ये तिच्या हाडांची फेरतपासणी केली तेव्हा आधी एक समजलेले बाळ दोन निघाली. जुळ्यांतले एक पायाळू येत असताना अडकले होते, दुसरे आतच राहिले. बाळंतपणातल्या मृत्यूचा याहून स्पष्ट पुरावा प्रागितिहासात विरळा.

पण इथे एक पेच आहे. सुखरूप बाळंत झालेली, पाच पोरांना वाढवून म्हातारी झालेली बाई पुरातत्त्वाला आई म्हणून दिसतच नाही, दिसते ती अडलेली. मग वाचक असा समज करून घेतो की त्या काळी बाळंतपण म्हणजे मरणच. माणसाच्या बाळाचे डोके मोठे आणि ताठ चालणाऱ्या आईची कंबर अरुंद, या अडचणीला शेरवूड वॉशबर्न यांनी १९६० मध्ये ‘प्रसूतीचा पेच’ म्हटले. कॅरन रोझेनबर्ग आणि वेंडा ट्रेव्हॅथन या दोघींनी त्यात महत्त्वाची भर घातली. माणसाचे बाळ सहसा आईच्या पाठीकडे तोंड करून बाहेर येते, त्यामुळे आईला ते स्वतः ओढून घेणे धोक्याचे ठरते आणि दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो. या हिशेबाने सुईण जगातल्या जुन्यातल्या जुन्या व्यवसायांत बसते. तिचे एकही हत्यार ओळखता आलेले नाही, हे मान्य. तिचे हत्यार म्हणजे तिचे हातच असणार.

या विषयातली खरी उलथापालथ केली ती दुधाच्या दातांनी. आईबद्दल सर्वाधिक माहिती आईच्या हाडांत नसून तिच्या मुलाच्या दातांत आहे, हे आज छातीठोकपणे म्हणता येते. तत्त्व साधे आहे. अंगावर पिणारे मूल एका अर्थी आईचे शरीर खात असते, म्हणून त्याच्या हाडांत आणि दातांत जड नायट्रोजनचे प्रमाण आईपेक्षा दोन-तीन सहस्रांशांनी वर जाते आणि दूध तुटले की उतरते. तसेच बेरियमचे. दुधातून येणारे बेरियम दाताच्या थराथरात साठते, आणि दात रोज थोडा थोडा वाढत असल्यामुळे झाडाच्या खोडावरची वलये वाचावीत तसे ते लेझरने वाचता येते.

या पद्धतीने मिळालेली चित्रे थक्क करणारी आहेत. बेल्जियममधल्या स्क्लादिना गुहेतल्या निअँडरथल मुलाला सात महिने निव्वळ आईचे दूध मिळाले, पुढचे सात महिने दुधासोबत वरचे अन्न, आणि मग साधारण सव्वा वर्षाचे असताना दूध एकाएकी तुटले. आई मेली, की दुरावली, की पुन्हा गरोदर राहिली? दात तेवढे सांगत नाही. फ्रान्सच्या पेर इथले अडीच लाख वर्षांपूर्वीचे निअँडरथल मूल मात्र वसंतात जन्मले आणि अडीच वर्षांपर्यंत दूध पीत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या वीस लाख वर्षांहून जुन्या ऑस्ट्रेलोपिथेकस या मानवपूर्व जातीच्या दातांत आणखी वेगळी लय दिसते. पहिले वर्ष भरपूर दूध, त्यानंतर चार-पाच वर्षांपर्यंत दुधाचे प्रमाण कमी होते आणि पुन्हा वाढते. रानात खायला नसलेल्या दिवसांत आई पुन्हा पाजायला घेत असावी, असा अर्थ संशोधकांनी लावला. दुष्काळात पोटच्या पोराला छातीशी लावण्याची ही सोय माणूस जातीहूनही जुनी दिसते.

एक सावधानी मात्र विसरून चालणार नाही. ज्यांचे दात आपण वाचतो त्यांतली पुष्कळशी मुले लहानपणीच मेलेली असतात, आणि मेलेल्या मुलांच्या संगोपनावरून जगलेल्यांचे संगोपन ताडणे धोक्याचे. जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हा इशारा दिला होता. मोठेपणी मेलेल्यांच्या बालपणी तयार झालेल्या दाढा घेतल्या तर ही अडचण बरीच सुटते, आणि चांगले अभ्यास आता तसेच केले जातात.

शेती आली आणि आईचे आयुष्य बदलले, हा या सगळ्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो. कलाहारीतल्या, शिकार-संकलनावर जगणाऱ्या कुंग लोकांमध्ये दोन बाळंतपणांत सुमारे चार वर्षांचे अंतर असे. मेल्विन कॉनर आणि कॅरोल वर्थमन यांनी १९८० मध्ये दाखवले की तिथल्या आया दिवसभर तासाला तीन-चारदा थोडे थोडे पाजत आणि त्याने बीजनिर्मिती दबून राही. सतत फिरणाऱ्या बाईला दोन पोरे पाठुंगळीला घेता येत नाहीत, तेव्हा हे अंतर तिच्या सोयीचेही होते. एका जागी वस्ती झाली, धान्याची पेज आणि जनावराचे दूध हाताशी आले, तसे मूल लवकर तोडता येऊ लागले आणि पुढचे लवकर येऊ लागले. झां-पियेर बोके-आपेल यांनी दफनभूमींतल्या लहान मुलांचे प्रमाण मोजून याला नवाश्मयुगीन लोकसंख्या-स्थित्यंतर असे नाव दिले. दफनभूमीत मुलांचे सांगाडे जास्त असणे ही अधिक बालमृत्यूपेक्षा अधिक जन्मांची खूण असते, हे सामान्य वाचकाला उलटे वाटेल, पण संख्याशास्त्र त्याच बाजूला आहे.

पेजेचा पुरावाही मिळाला आहे. सर्बियातल्या ग्राद-स्तार्चेवो या सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत हाडाचे गुळगुळीत चमचे सापडतात. त्यांच्यावरच्या चाव्याच्या खुणा दुधाच्या दातांच्या आहेत असे २०१९ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी ब्रिस्टल विद्यापीठाच्या ज्युली डन यांनी बव्हेरियातल्या मुलांच्या कबरींतली तोटीची मातीची भांडी तपासली. आत गाय-शेळीसारख्या जनावरांच्या दुधाचा अंश निघाला. या कबरी कांस्य आणि लोहयुगातल्या आहेत, पण तसली भांडी जर्मनीत ७,००० वर्षांपूर्वीपासून मिळतात. काहींना जनावराचे तोंड आणि पाय आहेत, चित्रातल्या खेळण्यासारखे. कोणीतरी मुलाला हसू यावे म्हणून भांडे घडवले. देवीच्या हजार मूर्तींपेक्षा हे एक भांडे मला मातृत्वाच्या जास्त जवळचे वाटते, मग ते आईने घडवलेले असो, आजीने किंवा शेजारच्या कुंभाराने.

आईचे काम मुलांपुरते नव्हते, हे तिच्या दंडाच्या हाडांवरून दिसते. मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकरी स्त्रियांच्या दंडाची हाडे केंब्रिजच्या आजच्या नौकानयनपटू मुलींपेक्षा बळकट होती, असे २०१७ मध्ये अ‍ॅलिसन मॅकिंटॉश यांनी दाखवले. दळण, कांडण, खुरपणी हे सारे तिच्या अंगावर होते. त्यात दर दोन-तीन वर्षांनी बाळंतपण. शेतीने पोट भरले असेल, पण त्याची किंमत कोणी मोजली हे या हाडांवरून कळते.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध इथे येतो, आणि तो थोडाथोडका नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे ताम्रपाषाणयुगीन वस्ती उकरली. संकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या तिघांच्या नावाने निघालेला त्याचा अहवाल भारतीय पुरातत्त्वात मानदंड मानला जातो. वस्ती इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे नांदली: आधी माळवा, मग पूर्व जोर्वे, मग उत्तर जोर्वे संस्कृती. मोठ्या माणसांना उत्तरेला डोके करून आडवे पुरत आणि बहुधा त्यांचे पाय घोट्याखाली तोडत. लहान मुलांची रीत वेगळी. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात बाळ, आणि ती जोडी घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरायची. नेवासे आणि दायमाबाद इथेही अशीच दफने आहेत. जिथे सारवायचे, चूल पेटवायची, झोपायचे, त्याच्या हातभर खाली गेलेले मूल.

या मडक्यांना गर्भाशयाचे प्रतीक म्हणणारे पुष्कळ आहेत. मूल पुन्हा त्याच घरात जन्मावे ही इच्छा त्यामागे असावी असे सांगितले जाते. कल्पना सुंदर आहे. सिद्ध करण्याचा मार्ग मात्र नाही. लहान मुलाला न जाळता पुरण्याची रीत आपल्याकडे आजही आहे, पाचवीला सटवाई पुजली जाते, त्यामुळे असा अर्थ आपल्याला चटकन पटतो. चटकन पटतो म्हणूनच सांभाळून घ्यावा. इनामगावातच पूर्व जोर्वे काळातल्या एका घरात जमिनीखाली मातीची झाकणाची लंबगोल पेटी मिळाली. पेटीत एक बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, झाकणावर डोके असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. सगळे कच्च्या मातीचे. बिनडोक्याची मूर्ती काडीने बैलाच्या पाठीवर बसवता येते. तिचा धागा थेट इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतल्या बिनडोक्याच्या लज्जागौरीपर्यंत नेण्याचा मोह अनेकांना झाला. मध्ये हजार वर्षांची पोकळी आहे, ती कशाने भरायची हे कोणी सांगत नाही. घरगुती विधीची, कदाचित नवसाची वस्तू, इथवर जाता येते.

इनामगावच्या आयांबद्दल जास्त कळते ते त्या मडक्यांतल्या हाडांवरून. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी इथल्या दातांचा तपशीलवार अभ्यास केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या बालसांगाड्यांची वाढ मोजून २०११ मध्ये पुस्तक लिहिले. उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इ.स.पू. १००० नंतर, मुलांची वाढ आधीपेक्षा खुंटलेली दिसते. त्याच सुमारास चौकोनी प्रशस्त घरे जाऊन गोल झोपड्या आल्या होत्या. पाऊस कमी झाला, की शेतीची पद्धतच जमिनीला झेपेनाशी झाली, याबद्दल वाद आहे. परिणाम वादातीत आहे. अर्भकाची वाढ खुंटते ती आधी आईच्या पोटात आणि मग आईच्या दुधावर, त्यामुळे त्या हाडांत उपाशी मुलाइतकीच उपाशी बाळंतीण नोंदलेली आहे.

आता जन्म देणे आणि वाढवणे यांतल्या फरकाकडे. सारा हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने २००९ च्या पुस्तकात मांडले की माणसाचे मूल एकट्या आईने वाढवण्याजोगे नाहीच. आजी, मावशी, मोठी भावंडे, बाप, शेजारी यांच्या मदतीवरच आपली जात तगली. टांझानियातल्या हाड्झा लोकांत क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी पाहिले की आई तान्ह्यात गुंतली की आधीच्या मुलाचे पोट आजीने खणून आणलेल्या कंदांवर भरते. पुरातत्त्वात याचा पुरावा मिळतो का? तुकड्यातुकड्याने मिळतो. न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्स इथे एका वाळलेल्या सरोवराच्या चिखलात दीड किलोमीटर लांब पावलांची ओळ आहे, दहा हजार वर्षांहून जुनी. कोणीतरी घाईने चालले होते, वाटेत तीनेक वर्षांचे मूल कधी कडेवर, कधी खाली. परतीच्या ओळीत मूल नाही. चालणारी आई होती असे लिहिण्याचा मोह होतो; पावलांच्या मापावरून ती तरुण बाई किंवा वयात येणारा मुलगा, दोन्ही असू शकतात. जर्मनीत ऑयलाउ इथे ४,६०० वर्षांपूर्वी हल्ल्यात मेलेल्यांना नातेवाइकांनी पुरले. एका खड्ड्यात आई, बाप आणि त्यांचे दोन मुलगे. दुसऱ्यात एक बाई आणि तीन मुले, त्यांतली दोन सख्खी भावंडे, पण बाई त्यांची आई नाही. पोलंडमधल्या कोशित्से इथे पंधरा जणांच्या कबरीत मायलेकरे शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. पुरणाऱ्यांना कोण कोणाचे हे नीट माहीत होते.

राहिला मायेचा प्रश्न. लेखनपूर्व आणि इतिहासकालीन समाजांच्या उपलब्ध आकड्यांवरून पाहता साधारण चौथा हिस्सा मुले पहिल्या वर्षात आणि निम्म्याच्या आसपास वयात येण्याआधी जात. इतकी मुले मरतात तिथे आया जीव लावत नसतील, असे अनेक विद्वानांनी लिहून ठेवले आहे. ऑस्ट्रियात क्रेम्स इथे ३१,००० वर्षांपूर्वीची जुळ्यांची कबर २००५ मध्ये सापडली. वर मॅमथच्या खांद्याचे रुंद हाड झाकण म्हणून ठेवलेले, अंगाला गेरू, हस्तिदंताचे पन्नासहून अधिक मणी. २०२० च्या अभ्यासातून कळले की एक जुळे जन्मताच गेले आणि दुसरे सुमारे ५० दिवसांनी. म्हणजे दुसऱ्याला भावाशेजारी ठेवण्यासाठी कबर पुन्हा उघडली होती. इटलीत आर्मा वेइराना गुहेत १०,००० वर्षांपूर्वी पुरलेली मुलगी ४०-५० दिवसांची होती. तिच्या अंगावर साठाहून अधिक शिंपल्यांचे मणी होते आणि ते दीर्घ वापराने झिजलेले होते. इतकी झीज दीड महिन्याच्या बाळाने होत नाही, म्हणजे मोठ्यांनी आपल्या अंगावरचे काढून तिच्या झोळीला लावले असावेत. केनियातल्या पांगा या सैदी गुहेत ७८,००० वर्षांपूर्वी अडीच-तीन वर्षांच्या मुलाला पाय पोटाशी घेऊन, कशात तरी गुंडाळून, डोक्याखाली उशीसारखे काही देऊन पुरले. यांतला प्रत्येक पुरावा दफन करणाऱ्यांचा आहे, एकट्या आईचा म्हणता येणार नाही. पण जीव लावत नसत हे म्हणणे मात्र यापुढे टिकत नाही.

एवढे सगळे पाहिल्यावर माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. मूर्तींवरून मातृत्व शोधण्याचा मार्ग जवळपास संपलेला आहे. दात, चमचे, तोटीची भांडी आणि घराखालची मडकी यांचा मार्ग आत्ता कुठे सुरू झाला आहे. संग्रहालयांनी ‘मातृदेवता’ या पाट्या उतरवून ‘स्त्रीमूर्ती’ एवढेच लिहावे, त्याने कोणाचे काही बिघडणार नाही. आणि दख्खनच्या या बाळांच्या दातांवर बेरियम आणि नायट्रोजनचे अभ्यास मोठ्या प्रमाणावर व्हावेत, दात शक्य तितके न दुखावता. इनामगावच्या बायका आपली मुले कितव्या महिन्यात तोडत होत्या आणि दुष्काळात पुन्हा पाजायला घेत होत्या का, याचे उत्तर देवीकडे नाही, या दातांत मिळू शकते.